सव्वाशे तुकड्यांची नैसर्गिक शेती : मिशनच्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, आणि
डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशनचे संचालक व जिल्हा पातळीवरचे अधिकारी

विषय : नैसर्गिक शेतीचे गट सलग शिवारात आखण्याबाबत

स.न.वि.वि.

मी वर्धा जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. कापूस, तूर, मधूनमधून ज्वारी. वावरात रासायनिक कीटकनाशक जात नाही. त्यामुळे सेंद्रिय शेती वाढावी की नाही, हा या पत्राचा विषय नाही. ती वाढावीच. पण आज ती गावोगाव ज्या तऱ्हेने मांडली जाते आहे, तिने किडीचा प्रश्न सुटणार नाही. काही ठिकाणी तो शेजाऱ्याच्या माथी जाईल आणि मग गावाचे मत सेंद्रिय शेतीच्याच विरोधात जाईल, ही माझी भीती आहे.

आधी हिशेब मांडतो. केंद्राच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. खर्च २,४८१ कोटी रुपये, १५ हजार गट, साडेसात लाख हेक्टर. म्हणजे गटामागे ५० हेक्टर, आणि गटात १२५ शेतकरी. भागाकार केला की एकेकाच्या वाट्याला जेमतेम एक एकर येतो. एका एकरात करून पाहा, पटले तर वाढवा, असा त्यामागचा विचार असणार. पदरचे पैसे घालून पेरणी करणाऱ्याची जोखीम पाहता तो गैरही नाही. मात्र शेतकऱ्याच्या बाजूने नीट बसणारा हा आकडा कीटकांच्या बाजूने पाहिला की बिघडतो.

५० हेक्टर सलग असतील तर साधारण ७०७ मीटर बाजूचा चौकोन होतो. त्याचा घेर पावणेतीन किलोमीटरच्या थोडा वर. तेच ५० हेक्टर एकेका एकराच्या १२५ तुकड्यांत गावभर पसरले, तर प्रत्येक तुकड्याचा घेर अडीचशे मीटर आणि सगळ्यांचा मिळून साडेएकतीस किलोमीटर. अकरा पट धुरा, म्हणजे बांध! आणि त्या धुऱ्यापलीकडे बहुतेक ठिकाणी पाठीवर पंप घेतलेला शेजारी. त्याचा फवारा वाऱ्याने आपल्या पिकावर येऊ नये म्हणून नुसता तीन मीटरचा पट्टा सोडला, तरी एकरातले सात गुंठे त्यातच जातात. सलग चौकोनात तेवढाच पट्टा दोन टक्केसुद्धा क्षेत्र खात नाही. तुमच्या तक्त्यात मात्र दोन्हीकडे ‘५० हेक्टर’ एवढेच लिहिले जाते.

लहान तुकड्यात मित्रकीटक, म्हणजे किडीला खाणारे कीटक, येत नाहीत असे मुळीच नाही. चवळीच्या ओळीवर मावा चढला की मागोमाग ढालकिडे येतात, क्रायसोपाची दांड्यावर टेकवलेली अंडी पानाखाली सापडतात, सिरफिड माशीच्या अळ्या माव्यात लोळताना दिसतात. किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाची कार्डे आम्हीही लावतो. कपाशीला हेक्टरी दीड लाख कीटकांची शिफारस आहे. पण हा अर्ध्या मिलिमीटरचा जीव कोणाचा सातबारा पाहून बसत नाही. पतंगाच्या अंड्याच्या शोधात तो धुरा ओलांडतो, आणि पलीकडे त्याच दिवशी प्रोफेनोफॉससारखे कीटकनाशक मारलेले असले तर तिथेच संपतो. ढालकिडा तर त्याहून लांब उडतो. फवाऱ्याने कीडही मरते, पण सावरण्यात कीड पुढे असते. तिचे खाद्य, म्हणजे पीक, जागेवर उभे असते. तिच्या शत्रूंना मात्र आधी कीड वाढावी लागते, मग ते वाढतात. मधल्या पंधरा-वीस दिवसांत तुडतुडे आणि पांढरी माशी मोकाट सुटतात. शेतकरी दुसरा फवारा मारतो. हे चक्र मोडायचे तर मित्रकीटक बाहेरून परत यायला हवेत, आणि ते येणार जवळच्या न फवारलेल्या जागेतूनच. ती जागा किती मोठी आहे आणि किती जवळ आहे, यावर सगळे ठरते.

आता शेजाऱ्याची बाजू. “भाऊ, अळी तर तुमच्याच वावरातून येते इकडं,” हे वाक्य गटातल्या बहुतेकांनी ऐकलेले आहे. ते हसण्यावारी नेऊ नये. सेंद्रिय प्रमाणीकरणात बीटी बियाणे चालत नाही, त्यामुळे आमची कपाशी देशी किंवा बिगर-बीटी. तिच्यावर हिरवी बोंडअळी वाढू शकते, आणि तिथून उडालेले पतंग शेजारच्या तुरीवर, पुढे हरभऱ्यावर अंडी घालू शकतात. माझ्याकडचे मित्रकीटकही त्याच्याकडे जातात, पण ते त्याच्या फवाऱ्यात मरतात. म्हणजे माझ्या वावरातून त्याला कीड तेवढी मिळते, तिचे शत्रू मिळत नाहीत. मग तो काय करणार? आणखी फवारणार.

हा माझ्या गावापुरता अनुभव म्हणून सोडून देता आला असता. पण अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीत नेमके हेच मोजले गेले आहे. बदाम, द्राक्षे, गाजरे पिकवणारा तो मोठा पट्टा, आणि तिथे कोणत्या शेतात काय फवारले याची नोंद सरकारकडे द्यावीच लागते. ॲशली लार्सन, फ्रेडरिक नोआक आणि क्लेअर पॉवर्स यांनी सात वर्षांच्या, सुमारे १४ हजार शेतांच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष मार्च २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. सेंद्रिय शेताच्या भोवती सेंद्रिय क्षेत्र वाढले की त्या शेतातली फवारणी घटते. रासायनिक शेताच्या भोवती सेंद्रिय क्षेत्र वाढले की तिथली फवारणी थोडी वाढते, आणि ही वाढ मुख्यतः कीटकनाशकांची असते. सेंद्रियचा एकूण वाटा लहान आणि शेते विखुरलेली असतील, तर परिसरातला एकूण वापर कमी होण्याऐवजी किंचित वाढूही शकतो. तीच शेते एकमेकांना लागून असली तर तोटा पुसला जातो.

कर्न म्हणजे वर्धा नव्हे, हे खरेच. तिथले एकेक शेत आमच्या कित्येक वावरांएवढे. पण म्हणूनच मला काळजी जास्त वाटते. जमिनीचे तुकडे जितके लहान तितका धुरा जास्त, आणि शेजाऱ्याशी होणारी ही देवघेव सगळी धुऱ्यावरूनच चालते. तिथे जे थोडे दिसले ते इथे कमी असेल असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.

दुसरा अभ्यास फ्रान्समधला, बोर्डोच्या द्राक्षपट्ट्यातला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. परिसरात सेंद्रिय द्राक्षबागा वाढल्या तशी मित्रकीटकांची संख्या वाढली, पण त्यांच्या जाती वाढल्या नाहीत. याचा अर्थ मी असा लावतो की, फवारणी थांबवल्याने जे आहेत ते वाढतात. जे उरलेलेच नाहीत त्यांना राहायला वेगळी जागा लागते. आपल्याकडे ती जागा म्हणजे धुरा, नाल्याचा काठ, गायरान, बोरी-बाभळीची झुडपे, रानतुळस. परोपजीवी कीटकांच्या प्रौढांना फुलांतला मधुरस लागतो, कोळ्यांना उन्हाळा काढायला झुडूप लागते. आणि नेमकी हीच जागा आज सर्वांत वेगाने जाते आहे. चोरबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारे बेकायदा कापूस बियाणे, आल्यापासून तणनाशक ओळींतही मारले जाते आणि धुऱ्यावरही. जूनमध्ये हिरवा असणारा धुरा ऑगस्टमध्ये पिवळा पडलेला असतो. सेंद्रिय गटातले काही जणही धुरा ‘साफ’ ठेवण्यात भूषण मानतात, हेही सांगून टाकतो. झुडपे वाढवली की प्रत्येक वेळी कीड कमी होतेच असा नियम नाही. जगभरच्या अभ्यासांत याची उत्तरे सरमिसळ आली आहेत. पण सपाट, जळालेल्या धुऱ्यावर मित्रकीटकांची वाट पाहणे व्यर्थ आहे, एवढे तरी कबूल व्हायला हरकत नसावी.

गुलाबी बोंडअळीवर थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण विदर्भात कीड म्हटले की विषय तिथेच येतो. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा बोलगार्ड-२ २००६ मध्ये. २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेत गुलाबी अळी त्यालाही जुमानेनाशी झाली आणि २०१७ मध्ये आपल्याकडे बोंडेच्या बोंडे किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत, औषधांचे मिश्रण करून, वाऱ्याच्या तोंडी फवारा. त्या वर्षीनंतर तरी कीड ही एकेका शेतकऱ्याने आपापल्या वावरात लढायची गोष्ट नाही, हे धोरणात उतरायला हवे होते.

या अळीपुढे मित्रकीटकांच्या मर्यादा उघड आहेत. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते; मग ढालकिडा काय आणि कोळी काय, तिच्यापर्यंत पोचत नाहीत. ट्रायकोग्रामाला अंड्यांचे तीन-चार दिवस तेवढे मिळतात. ज्याला आम्ही नैसर्गिक नियंत्रण म्हणतो त्याचा इथला खरा आधार आहे तो उपासमारीचा. ही अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. डिसेंबरअखेर कापूस उपटला, फरदड (हंगामानंतर तीच कपाशी पुढे राखणे) ठेवली नाही, पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचले नाहीत, तर पुढच्या हंगामापर्यंत तिची साखळी बरीच तुटते. पण हे सगळ्यांनी केले तरच. शंभरातल्या दहा जणांनी मार्चपर्यंत फरदड धरली की उरलेल्या नव्वदांचे कष्ट वाया. पतंगांचे मीलन रोखणाऱ्या गंधाच्या दोऱ्यांचेही तसेच: एका एकरात त्या बांधून उपयोग नसतो, कारण मीलन झालेली मादी शेजारून उडत येते. क्षेत्र मोठे आणि सलग असेल तरच त्या काम करतात. म्हणजे सेंद्रिय असो की रासायनिक, गुलाबी अळीचे उत्तर शिवाराच्या मापाचेच आहे.

आणि असे उत्तर महाराष्ट्राने एकदा यशस्वीपणे दिले आहे. २००२ मध्ये सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. पाने काळी पडली, ऊस चिकट झाला, उंच उसात फवारणी कोण आणि कशी करणार हाच प्रश्न होता. शेवटी तो आटोक्यात आणला डिफा ॲफिडिव्होरा या पतंगाच्या अळीने, मायक्रोमस या कीटकाने, आणि ईशान्य भारतातून आणून सोडलेल्या एन्कार्सिया या परोपजीवीने. डिफाच्या अळ्या असलेली पाने कापून एका फडातून दुसऱ्या फडात नेली गेली. डिफा दिसते तिथे फवारू नका, असे सांगितले गेले. ऊस पट्ट्याने सलग होता, साखर कारखान्यांचे कार्यक्षेत्र आयते हाताशी होते, म्हणून ते जमले. त्या शेतकऱ्यांतले फार थोडे सेंद्रिय होते, याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. मित्रकीटकांना प्रमाणपत्र लागत नाही. फवारणी थांबलेले सलग क्षेत्र लागते.

तेलंगणातल्या, म्हणजे तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यातले पुनुकुला गावही याच वाटेने गेले. कापूस आणि मिरचीचे गाव, कीटकनाशकांच्या कर्जात बुडालेले. तिथे आधी काही शेतकऱ्यांनी कीटकनाशके सोडली, मग महिला गट पुढे झाले, आणि २००४ च्या सुमारास अख्ख्या गावाने कीटकनाशकमुक्त झाल्याचे जाहीर केले. खते सोडण्याचा आग्रह सुरुवातीला नव्हता. किडीचे औषध तेवढे सोडायचे, सगळ्यांनी सोडायचे. आंध्र सरकारने पुढे बचतगटांमार्फत हाच नमुना शेकडो गावांत नेला. आपल्याकडे क्रम उलटा आहे. थोड्या लोकांना पूर्ण नैसर्गिक करायचे, त्यांना जीवामृताचे ड्रम आणि प्रशिक्षण द्यायचे, आणि शेजाऱ्याशी बोलायचेच नाही.

पाणलोटाचे काम आपण माथा ते पायथा करतो. माथा सोडून मधल्याच चार शेतकऱ्यांना बांधबंदिस्ती वाटली तर पहिल्या पावसात काय होते, हे या राज्यात सांगायची गरज नाही. कीटकांच्या बाबतीत तीच शिस्त का नको?

माझ्या मागण्या यातूनच निघतात.

गट बांधताना आधी गावनकाशा टेबलावर घ्या. नावांची यादी नंतर. त्यावर जमिनीचे गट क्रमांक रंगवा आणि लागून असलेल्या क्षेत्राला प्राधान्य द्या. चार शेतकऱ्यांचे चार एकर एकाच जागी येत असतील तर त्यांना विखुरलेल्या चार एकरांपेक्षा जास्त प्रोत्साहन मिळायला हवे. मधला एखादा गट क्रमांक तयार नसेल तर त्याला वगळून पुढे जाऊ नका, त्याच्यासाठी दुसरी पायरी ठेवा: खत हवे ते घाल, बियाणे हवे ते पेर, पण पेरणीनंतरचे पहिले दोन महिने कीटकनाशक नको आणि धुऱ्यावर तणनाशक नको. मित्रकीटकांची फौज उभी राहते ती याच दोन महिन्यांत. बीटीच्या बियाण्याला रसशोषक किडींसाठी औषध चोळलेलेच असते. त्यावर सुरुवातीलाच आणखी फवारा मारायचे कारण बहुधा नसते, दुकानदाराचा सल्ला असतो. या शेजाऱ्याला थोडी तरी रक्कम द्या. गटाच्या कडेला बसलेला हा माणूस गटातल्या शेवटच्या सभासदाइतकाच महत्त्वाचा आहे. तुमच्या योजनेत आज त्याला नावच नाही.

धुऱ्यासाठी रोहयोतून लागवड मिळते, पण ती मुख्यतः फळझाडांची आणि इतर वृक्षांची. फुलणारी झुडपे, निरगुडी, कडेने तीळ-अंबाडी-झेंडू यांनाही जागा द्या. आणि न जाळलेल्या, न फवारलेल्या धुऱ्याची नोंद पाहणी अहवालात घ्या.

२००८ मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाला, त्यानंतर २००९ पासून राज्यात क्रॉपसॅप सुरू आहे. कीड-रोगांच्या सर्वेक्षणाची एवढी मोठी व्यवस्था फार थोड्या राज्यांकडे आहे. तिच्या सल्ल्यातून शेतकऱ्याला कळते की कीड आर्थिक नुकसान पातळीच्या, म्हणजे फवारणीचा खर्च परवडेल एवढ्या नुकसानीच्या, वर गेली की नाही. त्याच संदेशात झाडामागे ढालकिडे किती, क्रायसोपा किती, परोपजीवी झालेली अंडी किती, हेही आले पाहिजे. दहा तुडतुडे आणि एकही कोळी नाही ही एक परिस्थिती. दहा तुडतुडे आणि चार कोळी ही वेगळी. आज दोघांना एकच सल्ला जातो. शिवाय नैसर्गिक गट असलेल्या गावांत शेजारच्या रासायनिक वावरांतल्या फवाऱ्यांची संख्याही नोंदवा. वाढली की घटली हे पाच वर्षांनी तरी आपल्याच आकड्यांवरून सांगता येईल, कॅलिफोर्नियाचा दाखला द्यावा लागणार नाही.

जैवनिविष्ठा केंद्रांबद्दलही एक बोलायचे आहे. तिथे दशपर्णी आणि अग्निअस्त्र ही वनस्पतींपासूनची कीडनाशके पिंपांनी तयार होतात आणि दर आठवड्याला मारली जातात. अग्निअस्त्रात तंबाखू असते. ती मित्राला आणि शत्रूला वेगळे ओळखत नाही. सेंद्रियमध्ये चालणारे स्पिनोसॅड हे कीटकनाशकही परोपजीवी कीटकांना घातकच. रासायनिकचा पंप ठेवला आणि दुसरा पंप उचलला, एवढाच बदल झाला तर वावरातल्या कीटकांच्या दृष्टीने फारसे काही घडले नाही. या केंद्रांनी ट्रायकोकार्ड आणि क्रायसोपाची अंडी वेळेवर, ताजी, गटाच्या सगळ्या क्षेत्राला एकाच आठवड्यात पोचवली पाहिजेत. कार्ड उन्हात दोन दिवस पडले की त्यातला जीव संपतो. आम्हाला पुष्कळदा कागदच मिळतो.

शेवटचे काम कापूस गावांचे. नैसर्गिक गट असलेल्या गावात हंगाम संपवण्याची तारीख ग्रामसभेने ठरवावी, ती रासायनिकवाल्यालाही लागू असावी, आणि पऱ्हाटी शेताबाहेर रचण्याऐवजी बारीक करून जमिनीत घालायला यंत्र गावाला भाड्याने मिळावे. हे झाले तर पहिला फायदा फवारणाऱ्यालाच होईल. त्याचा अळीचा खर्च कमी झालेला त्याला दिसला, की सेंद्रियवाल्याच्या वावराकडे बोट दाखवण्याचे त्याला कारण राहणार नाही.

येत्या खरिपाची गटनोंदणी सुरू होण्याआधी प्रत्येक तालुक्यात निदान एक गाव या पद्धतीने घ्या, अशी विनंती आहे. आमच्या गटाने स्वतःचा नकाशा केला आहे. कोणते गट क्रमांक आज सेंद्रिय, कोणते मध्ये अडकलेले, कोणत्या धुऱ्यावर झुडपे शिल्लक आहेत, कोणते शेजारी दोन महिन्यांच्या अटीला तयार आहेत, हे सगळे त्यावर आहे. तालुका कृषी अधिकारी येणार असतील तर कपाशी फुलावर असताना यावे. नकाशा हातात घेऊन शिवार फिरता येईल आणि पानाखाली काय आहे तेही पाहता येईल.

आपला,
वर्धा जिल्ह्यातील एक कापूस उत्पादक